बेलवाडीचा बुडालेला चौक

गेवराईत जुन्या बसस्टँडच्या मागच्या गल्लीत संगमेश्वरचं हार्डवेअरचं दुकान आहे. पाइप, नळ, खिळे, रंगाचे डबे, विहिरीवरच्या मोटारी, सगळं तिथं मिळतं. सहा वर्षांपूर्वी एका विक्रेत्याच्या आग्रहाला भुलून त्याने एक प्रेशर वॉशर आणून ठेवला. जोराच्या पाण्याने गाड्या, भिंती, फरशा धुणारं ते पिवळं मशीन दीड वर्ष काउंटरशेजारी उभं राहिलं. गिऱ्हाइकं त्याच्यावर हात टेकून गप्पा मारायची आणि पाव किलो खिळे घेऊन जायची. शेवटी एका दुपारी संगमेश्वरच्या बायकोने, रुद्राणीने, ते मागच्या अंगणात ओढत नेलं, नळाला जोडलं आणि फरशीवर पाणी सोडलं.

लग्न होऊन आल्यापासून ती फरशी काळीच आहे असं रुद्राणी समजत होती. पाणी फिरलं तशी ती भरल्या आभाळाच्या रंगाची निघाली. एक फरशी धुऊन झाल्यावर ती खाली बसली आणि कितीतरी वेळ त्या एका चौकोनाकडे बघत राहिली. हा रंग इतकी वर्षं आपल्या पायाखालीच होता, हे तिला खरं वाटेना. मग ती उठली आणि दिवस मावळेपर्यंत तिने सगळं अंगण धुतलं. संगमेश्वर दुकान बंद करून घरात आला तेव्हा दारातच थबकला. चुकून दुसऱ्याच घरात आलो की काय असं क्षणभर वाटलं, हे तो अजून सांगतो.

तिथून रुद्राणीचा धंदा सुरू झाला. आधी हायवेवरचे ट्रक, मग धाब्यांची स्वयंपाकघरं, पेट्रोलपंप, शाळांच्या टाक्या, छतांवरची सोलरची तावदानं. छोटा हत्ती टेम्पो घेतला, त्याच्यावर काळी टाकी बसवली. हाताखाली संगीता आली. संगीता आठ हंगाम ऊसतोडीला गेलेली. तिचा हात इतका स्थिर, की पाण्याची धार एका रेषेतून तसूभर हलत नसे. दोघी कामावर फारशा बोलत नसत. मशीनच्या घरघरीत बोलणं ऐकूही येत नाही, आणि धुताना मन कुठंतरी लांब जातं. रुद्राणीला तर वाटायचं, की ज्याच्यावरून पाणी फिरतं ती प्रत्येक वस्तू झोपेतून उठते आहे. भिंत उठते, पायरी उठते, आळस देते आणि विचारते, किती वाजले.

एकदाच तिच्या हातून नुकसान झालं. एका बंगल्याच्या ओसरीतले डाग निघेनात, तेव्हा फरशीच्या दुकानातल्या कोणीतरी तिला तेजाब वापरायला सांगितलं. शहाबादी फरशीवर तेजाब पडलं आणि दगडाला फेस आला. ती फसफस तिच्या कानात बरेच दिवस राहिली. धुऊन झाल्यावर चार फरशांवर पांढरे, खरबरीत चट्टे उरले होते. तिने मालकिणीला बोलावून खरं ते सांगितलं आणि फरशा बदलून दिल्या. त्यानंतर तिच्या गाडीत तेजाबाचा कॅन कधी चढला नाही. नवीन काम आलं की ती आधी एका कोपऱ्यात नुसतं पाणी मारून बघायची. मग सौम्य साबण, आणि अगदीच नाइलाज झाला तर तेलकटासाठी थोडा कॉस्टिक. तोही कोपऱ्यात लावून बघितल्याशिवाय नाही. दगडाला बोलता येत नाही, तेव्हा थांबायचं आपणच, असं ती संगीताला सांगायची.

यंदाच्या उन्हाळ्यात, चैत्र संपता संपता, दुकानासमोर एक जीप थांबली आणि पांढऱ्या टोपीतले एक उंच म्हातारे गृहस्थ उतरले. ते मोहनराव. चकलांब्याच्या पुढं माळावर नवी बेलवाडी म्हणून गाव आहे, तिथले तीन वेळचे सरपंच. वय पंच्याहत्तरच्या पुढं, पण पाठ अजून ताठ. त्यांना आसपासची सगळी माणसं आबा म्हणत. संगमेश्वरने खुर्ची दिली, चहा सांगितला. मोहनरावांनी चहा संपेपर्यंत पावसापाण्याच्या गोष्टी केल्या आणि मग म्हणाले, की एक चौक धुवायचा आहे, दगडी.

रुद्राणीने विचारलं, गावातला का. ते म्हणाले, गावातलाच, पण जुन्या गावातला. तलावात आहे.

संगमेश्वरला ठाऊक होतं. पन्नास वर्षांपूर्वी जुनी बेलवाडी तलावाखाली गेली होती. तलाव मधल्या दुष्काळांतही आटला होता, पण तळाशी माणूसभर गाळ साठलेला. महादेवाच्या देवळाचा कळस तेवढा उघडा पडायचा. यंदा तलाव आटल्यावर शेतकऱ्यांनी जेसीबी लावून गाळ उचलला आणि शेतांत पसरला. उचलता उचलता जेसीबीचा दात दगडाला खटकला, आणि देवळापुढचा चौक लागला.

रुद्राणीने सरळ नाही म्हटलं. बेलवाडीला दोन दिवसांआड टँकर येतो, बायका घागरीला घागर लावून उभ्या असतात, आणि आपण दगड धुवायला पाणी ओतायचं, हे तिला पटेना. मोहनराव शांतपणे ऐकत होते. ते म्हणाले, की टँकरचा एक थेंबसुद्धा नको. जेसीबीने खणलेल्या खड्ड्यात झऱ्याचं थोडं पाणी आहे, मेंढरं पितात. ते वापरता येतं का, तेवढं येऊन बघा. नसेल येत, तर राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि संगीता गेल्या. तलावाच्या बांधावरून खाली उतरताना रुद्राणीला वाटलं, आपण पाण्यातच उतरतो आहोत. कान दडपल्यासारखे झाले. वर रस्त्यावरून जाणाऱ्या मोटरसायकलीचा आवाज कुठल्याकुठं गेला. तळाची माती भेगाळून तिच्या खापऱ्या झालेल्या, त्यांच्या कडा वर वळलेल्या. पायाखाली शिंपल्या कुरकुरत होत्या. उन्हाने हवा थरथरत होती आणि त्या थरथरीत लांबवर एक बुटकं देऊळ, दोन-तीन भिंतींच्या रेषा आणि एका बाभळीचा काळा सांगाडा पाण्यात हलल्यासारखे हलत होते.

चौक चाळीस-पन्नास पावलांचा असेल. त्याच्यावर वीतभर वाळलेला गाळ, गाळाखाली शेवाळाचा थर आणि शिंपल्यांचा चुरा. एका कडेला दगड जरासा दिसत होता. रुद्राणीने बसून नखाने सांध्यातला चुना खरवडला. चुना अजून घट्ट होता, पण जोराची धार मारली तर निघाला असता.

मोहनराव देवळाच्या पायरीशी काठीवर हात ठेवून उभे होते. तिने न विचारताच त्यांनी सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळानंतर तलावाचं काम निघालं, तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते, नवे नवे सरपंच. याच चौकात सभा झाली. तलाव झाला की शेताला पाणी येईल, पुन्हा दुष्काळी कामावर खडी फोडायची पाळी येणार नाही, असं ते बोलले. पोटं खपाटीला गेलेली माणसं, सगळ्यांनी हात वर केले. त्यांचा चुलतभाऊ सुंदरराव तेवढा हात वर न करता बसून राहिला. दोन वर्षांनी पाणी अडवू असं साहेब म्हणाले होते, ते पहिल्याच पावसाळ्यात अडलं. गावाला निघायला दोन दिवस मिळाले. आणि कालवा खालच्या गावांकडे गेला. नवी बेलवाडी माळावर बसली, तिथं पाणी चढलंच नाही.

हे सगळं त्यांनी दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

"आबा, हे पुन्हा बुडणार ना?" रुद्राणीने विचारलं.

"बुडनार. पाऊस झाला तर श्रावनात, न्हाईतर भादव्यात."

"मग धुवायचं कावून?"

मोहनरावांनी काठीने मातीची एक खापरी बाजूला सारली. खड्ड्याकडून एक टिटवी ओरडत गेली.

"मी हितं उभा राहून बोललतो," ते म्हणाले. "काल येऊन तितंच उभा राहिलो, तर पायाखाली चिखल. एकदा त्या दगडावर उभं राहायचंय."

रुद्राणीने होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. ती खड्ड्यापाशी गेली, ओंजळीत पाणी घेऊन बघितलं. पाणी मातकट होतं, पण थंड.

घरी येऊन ती आणि संगमेश्वर दुकानातच विचार करत बसले. हे असं बसणं दोघांनाही आवडायचं. गिऱ्हाईक नसताना तो काउंटरवर नोझल मांडायचा आणि ती कामाचं वर्णन करायची. संगमेश्वरचं म्हणणं पडलं, की पेट्रोलवरचं मोठं मशीन न्यावं, पन्नास वर्षांचा गाळ आहे, दोन दिवसांत निघेल. ती म्हणाली, मोठं मशीन मिनिटाला पंधरा लिटर पाणी पितं आणि चुना उपटून काढेल. पहिलं जुनं पिवळं मशीन आठ लिटरवर चालतं, ते नेते. पण त्याला वीज लागते. मग जनरेटर कोणाकडून आणायचा ते ठरलं. वाळलेला गाळ आधी फावड्याने आणि खराट्याने काढायचा, पाण्याला फक्त शेवटचं बोटभर ठेवायचं. बारीक धारेचा लाल नोझल न्यायचाच नाही. पंख्यासारखी रुंद धार पाडणारा पांढरा नोझल लावायचा आणि दाबाचा काटा ऐंशीच्या वर जाऊ द्यायचा नाही.

पाण्याचं कोडं संगमेश्वरने सोडवलं. गढूळ पाणी मशीनच्या पंपात गेलं तर वाळूने पंप एका दिवसात खलास होईल. म्हणून खड्ड्यातलं पाणी तीन पिंपांत भरायचं, तुरटी फिरवायची, रात्रभर निवळू द्यायचं आणि सकाळी वरवरचं पाणी दुहेरी धोतराच्या कापडातून गाळून घ्यायचं. चौकाचा उतार खड्ड्याकडेच होता. धुतलेलं पाणी चारीने पुन्हा खड्ड्यात जाईल, वाटेत दगडगोट्यांत गाळ बसेल.

"आणि शेवाळाला काय मारायचं?" त्याने विचारलं. "जरासं ब्लीचिंग?"

"काहीच नाही," रुद्राणी म्हणाली. "तेच पाणी मेंढरं पिणार आहेत, अहो. साबणाचा थेंबही नको. निघेल तेवढं निघेल."

तेव्हाच तिच्या लक्षात आलं, की आपण काम घेतलं आहे.

वैशाखातल्या एका पहाटे त्या दोघी तलावात उतरल्या. तांबडं फुटायच्या बेतात होतं. मोहनरावांनी दोन गडी दिले होते. त्यांनी आदल्या दिवशीच वरचा गाळ फावड्यांनी काढून ठेवला होता. पिंपांतलं पाणी निवळून आरशासारखं झालं होतं, त्यात आभाळाचा फिका तुकडा दिसत होता. संगीताने मशीनची पाण्याची बंदूक हातात घेतली, रुद्राणीने जनरेटर चालू केला, आणि इतक्या वर्षांच्या शांततेत ती घरघर सुरू झाली.

सुरुवातीला नुसता काळा चिखल उडाला. संगीता दीड हातावरून धार फिरवत राहिली, खेडेगावात अंगणात सडा टाकतात तशी, घाई न करता. हळूहळू चिखल पातळ झाला, मग पाणी झालं, आणि त्याच्याखालून दगड वर आला. काळा, पण त्यात निळी झाक. सूर्य बांधावर आला तेव्हा पाण्याचा बारीक तुषार हवेत लोंबकळत होता, त्यात इंद्रधनुष्याचा एक तुकडा दिसायचा आणि संगीता वळली की विझायचा. मोहनराव देवळाच्या पायरीवर बसून होते. ते मध्येच डोळे मिटायचे.

दुपारी ऊन सोसेना तेव्हा मशीन बंद करून दोघी गाडीच्या सावलीत आडव्या झाल्या. रुद्राणीला डुलकी लागली. तिला स्वप्नात दिसलं, की तलाव भरला आहे आणि ती तळाशी चालते आहे, श्वास लागत नाही, साडी जड होत नाही. वरून हिरवट उजेड खाली येतो आहे. चौकात माणसं बसली आहेत, त्यांचे ओठ हलतात पण आवाज येत नाही, फक्त बुडबुडे वर जातात. ती एकेकाच्या पायाखालचा दगड धुते आणि माणूस पाय उचलून तिला जागा करून देतो. जाग आली तेव्हा तिच्या गालाला चटईची रेघ उमटली होती आणि घशाला कोरड पडली होती. तिने संगीताला स्वप्न सांगितलं. संगीता म्हणाली, की तिलाही सकाळपासून वाटतंय इथं कोणीतरी बसलेलं आहे, पण भीती नाही वाटत.

पहिल्या दिवशी अर्धा चौक झाला. त्यात एका दगडावर रेषा सापडल्या, उभ्या, आडव्या, तिरप्या. वाघबकरी खेळायचा पट. पुढं एका कडेला बैल बांधायची दगडी कडी निघाली, आत दोरीने घासून गुळगुळीत झालेली. आणि देवळाच्या डाव्या हाताला ओळीने चार दगड मधोमध खोलगट होते. गडी विचारू लागले हे कशाने झालं. मोहनराव म्हणाले, बसून बसून. तिथं म्हातारी माणसं बसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावरून एक बाई उतरून आल्या. सत्तरी उलटलेल्या, हिरवं लुगडं, हातात काही नाही. त्या मोहनरावांकडे न बघता रुद्राणीजवळ येऊन उभ्या राहिल्या. मशीन बंद केल्यावर त्यांनी आपलं नाव वनमाला सांगितलं. सभेत हात वर न करणाऱ्या सुंदररावांची बायको. सुंदररावांना नव्या गावात मिळालेल्या जमिनीत नुसता खडक होता. वीस वर्षं तो फोडून ते वारले. त्यांनी आणि वनमालाबाईंनी मोहनरावांशी गाव उठल्यापासून बोलणं ठेवलं नव्हतं. लग्नकार्यात एकमेकांच्या घरी जायचे, अक्षता टाकायचे, पण बोलायचे नाहीत. हे गड्यांनी नंतर सांगितलं.

वनमालाबाईंनी विचारलं, की एक उंबरठा धुऊन मिळेल का. चौकापासून फार लांब नाही.

त्या देवळाच्या कोपऱ्याशी गेल्या, देवळाकडे पाठ करून, चौक उजव्या हाताला ठेवून उभ्या राहिल्या, क्षणभर डोळे मिटले आणि पावलं मोजत निघाल्या. एकतीस पावलांवर थांबल्या, थोड्या डावीकडे सरकल्या आणि पायाने माती दाबली. तिथं गाळ अजून ओला होता. गड्यांनी कमरेइतकं खणलं, काही लागलं नाही. एक गडी म्हणाला, जागा चुकली असेल. बाई म्हणाल्या, न्हाई चुकली. आणखी हातभर खणल्यावर पहार वाजली.

रुद्राणीने बंदूक स्वतः हातात घेतली. खड्ड्यात उतरून तिने काटा आणखी खाली आणला, चाळीसपर्यंत, त्या मशीनला जमेल तेवढा कमी. गाळ लोण्यासारखा सुटत गेला. लांबट दगड दिसला, दोन्ही टोकांना चौकटीची खोबण, मधे उमललेलं कमळ कोरलेलं, त्याच्या पाकळ्या येण्याजाण्याने झिजून पुसट झालेल्या. उजव्या कोपऱ्यात एक चीर होती. शेवाळ त्या चिरेत पक्कं बसलं होतं आणि नुसत्या पाण्याने निघत नव्हतं. संगीताने वरून विचारलं, साबण देऊ का. रुद्राणी नाही म्हणाली. तिने मशीन बंद करायला लावलं, पदर खोचला आणि नारळाच्या काथ्याने ती चीर घासत बसली. वनमालाबाई काठावर उभ्या राहून बघत होत्या.

"ती चीर माझ्यामुळं पडली," त्या म्हणाल्या. "नवी नवरी होते. माप पायानं लोटताना भरलेली कळशी हातातून निसटली. सासू बोलल्या न्हाईत मला. शेजारनीला म्हनल्या, दगडच कच्चा होता."

उंबरठा धुऊन झाल्यावर त्यांनी हात धरून आत उतरायला मदत मागितली. उतरल्या, कमळाला हात लावून तो कपाळाला लावला आणि चौकाकडे तोंड करून उंबरठ्यावर बसल्या. तिथून त्यांना बहुधा चौक दिसतच नव्हता, खड्ड्याची ओली भिंत दिसत असणार. पण त्या दिसत असल्यासारखं बघत होत्या.

"सभा झाली तवा मी हितंच बसले होते," त्या रुद्राणीला म्हणाल्या. "बायांना बोलावलं न्हवतं. समदं ऐकू येत होतं. हात किती वर झाले ते मोजलंबी."

तिसऱ्या दिवशी काम संपलं. बातमी नव्या गावात पोचली होती. सकाळपासून माणसं बांधावरून उतरत होती, म्हातारी, तरणी, नातवांचा हात धरलेली. ज्यांनी गाव कधी पाहिलं नव्हतं तेही चपला काढून चौकात आले. धुतलेला दगड ओला होता आणि त्यात आभाळ उतरलं होतं, त्यामुळे माणसं आभाळावरून चालत असल्यासारखी हलके पाय टाकत होती. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. बायकांनी भाकरी, ठेचा, ताक आणलं होतं. कोणीतरी महादेवावर बेल वाहिला.

मोहनराव पायरीवरून उठले. त्यांनी काठी देवळाला टेकवून ठेवली, वहाणा काढल्या आणि चौकाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. रुद्राणी पाइप गुंडाळत होती, ती थांबली. तिला वाटलं, आता ते माफी मागतील किंवा भाषण करतील. ते नुसते उभे होते. पायाखाली बघत होते. खूप वेळ गेला. मग त्यांनी मान वर केली आणि बायकांच्या घोळक्यात वनमालाबाईंना शोधलं.

"वहिनी," ते म्हणाले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. "तवा तुमाला इचारलं न्हाई. आता इचारतो. तलाव होऊ द्यायचा का? गाव सोडायचं का?"

कोणी हसलं नाही. एका लहान पोरीने आईला काहीतरी विचारलं, आईने तिला जवळ ओढलं.

वनमालाबाईंनी उत्तर द्यायला वेळ घेतला. खरोखरच सभा चालू आहे आणि त्यांच्या बोलण्यावर निर्णय ठरणार आहे, असा.

"मी न्हाई म्हनले असते," त्या म्हणाल्या. "समदी निघाली असती तर मी बी निघाले असते, मागं राहिले नसते. पर न्हाई म्हनले असते."

"बरं," मोहनराव म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि शेजारच्या बाईकडे वळले. तिलाही तेच विचारलं. ती म्हणाली, हो म्हटलं असतं, तेव्हा लेकरू तापाने फणफणलं होतं, खडी फोडायला जायचं जिवावर आलं होतं. मग तिच्या पुढची. ती म्हणाली, मी तेव्हा सहा वर्षांची होते, काय सांगणार. मोहनराव म्हणाले, तरीही सांगा. ती म्हणाली, देवळामागची चिंच इकडेच राहणार असेल तर नको. तिच्या बोलण्यावर मात्र माणसं हसली, आणि ती स्वतःही. मोहनराव एकेकीसमोर जात राहिले. पुरुष गप्प उभे होते. जुन्या गावात नांदलेल्या किंवा जन्मलेल्या अकरा बायका आल्या होत्या. सात जणी नाही म्हणाल्या, तीन हो. एकीला ऐकू येत नव्हतं. तिच्या सुनेने कानाशी ओरडून विचारलं. तिने नुसता मोहनरावांच्या हातावर हात ठेवला.

सगळ्यांना विचारून झाल्यावर मोहनराव जाऊन त्या चार खोलगट दगडांपैकी एकावर बसले. थोड्या वेळाने वनमालाबाई आल्या आणि एक दगड सोडून बसल्या. काय बोलल्या ते रुद्राणीने ऐकलं नाही. तिला एवढं दिसलं, की बाईंनी भाकरीचा चतकोर मोडून मधल्या दगडावर ठेवला आणि मोहनरावांनी तो उचलला.

परत येताना संगीता वाटभर खिडकीबाहेर बघत होती. गेवराई जवळ आल्यावर म्हणाली, की तिच्या आईलाही कधी कोणी काही विचारलं नाही. सुट्टीच्या दिवशी माहेरी जाऊन येते म्हणाली. रुद्राणीने तिला दोन दिवस जास्तीचे घ्यायला सांगितलं.

त्या पावसाळ्यात पाऊस बरा झाला. भाद्रपदात चकलांब्याच्या एका शाळेच्या टाकीचं काम आलं, तेव्हा जाता जाता रुद्राणीने गाडी बेलवाडीच्या बांधाजवळ उभी केली. पाणी आलं होतं. आठ दिवस लाल, गढूळ होतं, आता चार दिवस वारा नव्हता, म्हणून निवळलं होतं. चौकावर छातीभर पाणी असेल. पण दगड दिसत होता. ऊन खाली पोचून चौकभर सोन्याच्या जाळ्यासारखं हलत होतं आणि लहान मासळ्यांची एक झुंड वाघबकरीच्या पटावरून तिरकी गेली.

बांधावर वनमालाबाई बसलेल्या होत्या. त्या रोज सकाळी येतात म्हणाल्या. अजून महिनाभर दिसेल, मग पाणी वाढेल, गाळ बसेल. रुद्राणीने त्यांना विचारलं, वाईट वाटतं का. बाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, न्हाई, लई दिवसांनी झोप लागती. मग त्यांनी सरकून तिला जागा करून दिली.

रुद्राणी बसली. शाळेत दहाला पोचायचं होतं, पण ती थोडा वेळ बसली. दोघींनी मिळून तो उंबरठा शोधायचा प्रयत्न केला. वनमालाबाई बोटाने दाखवत होत्या, ते बघ, देवळाच्या कोपऱ्यापासून एकतीस पावलं. रुद्राणीला तिथं पाणीच पाणी दिसत होतं, पण ती हो म्हणाली, आणि बघता बघता तिला खरंच काहीतरी पांढुरकं दिसू लागलं.